चॅम्पियन येणार, पण सांभाळणार कोण?



या खेपेला पत्रांचा ढीग मोठा आहे. कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते, निर्लेपच्या तव्याचं काय करावं, जाऊबाईंशी बोलणं कसं सुरू करावं, सगळं आहे त्यात. त्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की देईन. आजची सगळी जागा मात्र एकाच पत्राला द्यायची ठरवली आहे. पत्र सोनाळ्याहून आलंय. सोनाळा म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, संग्रामपूर तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं गाव. सोनाजी महाराजांचं सोनाळा म्हटलं की वऱ्हाडातल्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको.

पत्र लिहिणाऱ्या बाईंचे चिरंजीव आठवीत आहेत. त्यांनी मोबाइलवर विलायतेतलं कुत्र्यांचं प्रदर्शन पाहिलं. गुळगुळीत अंगाचे, मान ताठ ठेवून चालणारे कुत्रे, टाळ्या, चांदीचा करंडक! झालं, त्या दिवसापासून घरात एकच धोशा. अकोल्याला कुणाकडे तरी लॅब्रॅडॉरची पिल्लं आहेत म्हणे, आणि तीसुद्धा ‘चॅम्पियन लाइन’ची. किंमत ऐकून बाईंनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. यजमान आधी रागावले, मग पिल्लाचा फोटो पाहून विरघळले. सासूबाई म्हणतात, देवघराच्या उंबऱ्याच्या आत कुत्रं आलं तर मी शेगावला जाऊन राहीन. बाई लिहितात, “ताई, मला कुत्र्याचं वावडं नाही. माहेरी वाड्यात दोन-दोन कुत्री होती. पण चॅम्पियन म्हणजे नेमकं काय, आणि आपल्या बाजूला असा कुणी नावाजलेला कुत्रा होऊन गेला का, ते सांगा.” आणि मग, जागा संपली म्हणून कागदाच्या कडेला आडव्या अक्षरात, “त्याचं सगळं करायचं कुणी?”

तुम्ही शहरात असा की तालुक्याच्या गावी, हा आडवा प्रश्न तुमच्याही घरात कधी ना कधी येणारच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चॅम्पियन या शब्दाचं बघू. आपल्याला वाटतं, दहा कुत्रे उभे केले आणि त्यांतला सगळ्यांत देखणा निवडला की झालं. तसं नसतं. प्रत्येक जातीचा कुत्रा कसा असावा याचं एक लेखी वर्णन असतं. डोकं केवढं, पाठ कशी, शेपूट किती जाड, चाल कशी, सगळं त्यात आलं. परीक्षक समोरच्या कुत्र्याला त्या वर्णनाशी ताडून पाहतात. म्हणजे खरी तुलना शेजारच्या कुत्र्याशी नसून कागदावरच्या आदर्शाशी. (आपल्याकडे मुलगी बघायला आलेली मंडळी हेच करत, नाही का? फक्त त्यांचा कागद कुणी छापलेला नव्हता.) इंग्लंडमध्ये तीन वेगवेगळ्या परीक्षकांनी तीनदा पसंतीचं प्रमाणपत्र दिलं, आणि त्यांतलं निदान एक कुत्रा वर्षाचा झाल्यावर मिळालं, की त्याच्या नावामागे चॅम्पियन लागतं. आपल्या देशात ही वंशावळीची नोंद आणि किताबांचं काम केनेल क्लब ऑफ इंडिया पाहतो. त्याची कचेरी चेन्नईला आहे.

पण ध्यानात घ्या, हा किताब त्या एका कुत्र्याचा असतो. पिल्लाला तो वारशाने मिळत नाही. बाप तहसीलदार होता म्हणून मुलाला कुणी तहसील कचेरीत खुर्ची देत नाही. तेव्हा ‘चॅम्पियन लाइन’ या दोन शब्दांचे पैसे वेगळे मोजायचे असतील, तर आधी नोंदणीचा कागद बघायचा, आणि कागदावरचा चॅम्पियन बाप आहे की खापरपणजोबा तेही बघायचं. विकणाऱ्याच्या तोंडी ‘लाइन’ बरीच लांब असू शकते.

आता लॅब्रॅडॉरविषयी. नाव लॅब्रॅडॉर असलं तरी हा कुत्रा मूळचा शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा. तिथले कोळी थंडगार पाण्यातून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणायला या कुत्र्यांच्या पूर्वजांना वापरत. मासे नेणाऱ्या जहाजांतून ते इंग्लंडला आले, तिथल्या जमीनदारांनी शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणायला त्यांना तयार केलं, आणि 1903 साली इंग्लंडच्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. अंगावर केसांचे दोन थर, आतला दाट आणि उबदार. बर्फाळ पाण्यासाठी निसर्गाने घातलेला हा स्वेटर! सोनाळ्याच्या मे महिन्यात तो काढून ठेवता येत नाही. या स्वेटरकडे पुन्हा वळणार आहे मी.

या जातीतला एक फार मोठा चॅम्पियन म्हणजे बँचरी बोलो. त्याची हकीकत मला विशेष आवडते, कारण तिच्यात एक बाई आहे. बोलोचा जन्म 1915 चा, म्हणजे पहिल्या महायुद्धातला. वंश उत्तम, पण स्वभाव बिघडलेला. तीन वर्षांचा होईपर्यंत तो अनेक हातांतून गेला आणि ज्याने त्याने हात टेकले. 1918 मध्ये तो लोर्ना नावाच्या बाईंकडे आला. याच पुढे काउंटेस हाऊ म्हणून ओळखल्या गेल्या. लॅब्रॅडॉरचा क्लब 1916 मध्ये ज्यांनी स्थापन केला, त्यांतल्या त्या एक. बोलो आला आणि मोकळा सोडताच पळून गेला. माणूस म्हटलं की मार, एवढंच त्याला ठाऊक असावं. परत आला तो लोखंडी फाटकावरून उडी मारताना फाटलेलं अंग घेऊन. बाईंनी त्याच्या जखमा स्वतः धुतल्या, स्वतः शिवल्या, आणि रात्रभर त्याच्यापाशी बसून राहिल्या.

त्यानंतर तो कुत्रा त्यांचा झाला. कसा झाला हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या प्रत्येकीला ते कळतं. हाच बोलो पुढे प्रदर्शनाच्या रिंगणातही चॅम्पियन झाला आणि शिकारीच्या मैदानी कसोट्यांतही. असा दुहेरी किताब मिळवणारा तो पहिला लॅब्रॅडॉर. 1927 मध्ये तो गेला. याच बाईंच्या ब्रॅमशॉ बॉब या लॅब्रॅडॉरने 1932 आणि 1933 अशी लागोपाठ दोन वर्षं क्रफ्ट्सच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात सर्वश्रेष्ठ कुत्र्याचा मान मिळवला, आणि 1937 मध्ये त्यांच्याच चेव्हरेल्स बेनने. सोनाळ्याच्या चिरंजीवांनी मोबाइलवर पाहिलं ते बहुधा हेच प्रदर्शन. ते 1891 पासूनचं आहे.

आता पत्रातला पुढचा प्रश्न, आपल्या बाजूला असा कुणी झाला का?

झाला की. रिंगणात करंडक घेऊन मिरवणारा नव्हे, पण माझ्या मते त्याच्या तोडीचा चॅम्पियन महाराष्ट्रात दुसरा नाही. त्याचं नाव झंजीर.

झंजीरही लॅब्रॅडॉरच. रंग आल्याच्या वडीसारखा पिवळट तांबूस, म्हणून त्याला जिंजरही म्हणत. 7 जानेवारी 1992 चा त्याचा जन्म. पुण्याला शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तो शिकला आणि 29 डिसेंबर 1992 रोजी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात रुजू झाला. एक वर्षाचंही वय नाही. आपल्या हिशेबाने नुकता नोकरीला लागलेला पोरगाच तो.

आणि मग आला 12 मार्च 1993. शुक्रवार होता. शेअर बाजाराची इमारत, एअर इंडियाची इमारत, दादर, वरळी, झवेरी बाजार, एकामागून एक स्फोट होत गेले. 257 माणसं गेली. त्या दिवशी मुंबईत ज्यांचं कुणी होतं, त्यांना त्या संध्याकाळी ट्रंक कॉल लागेना म्हणून पोस्टातल्या बाकावर बसून राहिलेलं अजून आठवत असेल. वऱ्हाडातलीही किती मुलं तेव्हा नोकरीला मुंबईत होती.

स्फोट झाले ते संपले, पण न फुटलेलं काय काय आणि कुठे कुठे पडलंय, हे कुणालाच माहीत नव्हतं. रस्त्याच्या कडेला उभी असलेली प्रत्येक स्कूटर, फलाटावर राहिलेली प्रत्येक पेटी संशयाची. अशा वेळी माणसाचे डोळे काय कामाचे? तिथे लागतं नाक. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, तर कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात, कधी त्याहून जास्त. आपल्याला फोडणी जळल्याचा वास येतो. कुत्र्याला त्या फोडणीतली मोहरी वेगळी, जिरं वेगळं, हिंग वेगळा कळतो असं समजा.

स्फोटांनंतर तिसऱ्या दिवशी, 15 मार्चला, दक्षिण मुंबईत धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरपाशी झंजीर थांबला. स्कूटरमध्ये आरडीएक्स होतं. चौदा महिन्यांचा कुत्रा, नोकरीला लागून जेमतेम अडीच महिने! त्यानंतर सिद्धिविनायकाच्या देवळाजवळच्या बेवारशी बॅगा त्याने दाखवल्या, तर त्यांत बंदुका आणि हातबॉम्ब निघाले. मुंबई, ठाणे, मुंब्रा असा तो हिंडत राहिला. त्याच्या नावावर जी नोंद सांगितली जाते ती अशी, 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसं. तीन हजार किलो म्हणजे तीस क्विंटल. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला क्विंटल म्हणजे काय ते डोळ्यांसमोर येतं. तीस क्विंटल ज्वारीची पोती ओसरीवर रचलेली आठवा आणि त्या जागी स्फोटकं आहेत असं समजा.

हे काम करणाऱ्या कुत्र्याला शूर वगैरे म्हणतात. मला विचाराल तर त्याला बिचाऱ्याला बॉम्ब म्हणजे काय हेच माहीत नसतं. त्याच्या दृष्टीने तो खेळ असतो. अमुक वास शोधला की चेंडू मिळतो, पाठीवर थाप मिळते. वास सापडला की उकरायचं नाही, शिवायचं नाही, शांतपणे बसून राहायचं, असंच स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांना सहसा शिकवतात. शूर असतो तो दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस. त्याला सगळं माहीत असतं. घरी बायकामुलं असतात आणि तरी तो कुत्र्याच्या मागोमाग त्या स्कूटरपर्यंत जातो.

या माणसाला पोलिसांच्या मराठीत ‘श्वान हस्तक’ म्हणतात. हस्तक हा शब्द आपण एरवी गुंडाच्या साथीदारासाठी वापरतो म्हणून ऐकताना जरा गंमत वाटते. पण शब्द किती नेमका आहे बघा! हाताखालचा नव्हे, ज्याचा हात आहे तो. एका कुत्र्याला बहुधा दोन हस्तक दिलेले असतात, म्हणजे एक रजेवर गेला तरी कुत्र्याचं अडत नाही. सकाळी फिरवणं, अंग विंचरणं, कान-दात पाहणं, ठरल्या वेळी ठरलेलं खाणं, रोजचा सराव, आजारपण, सगळं त्यांच्याकडे. कुत्रा त्यांचाच आवाज ओळखतो आणि त्यांच्याच हातचं खातो. झंजीरची सगळी कारकीर्द या रोजच्या रगाड्यावर उभी होती. वर्तमानपत्रात छापून येतात ते आकडे. रोजचं विंचरणं कोण छापणार?

16 नोव्हेंबर 2000 रोजी झंजीर गेला. हाडांचा कर्करोग झाला होता. परळच्या जनावरांच्या दवाखान्यात त्याने प्राण सोडला. वय पुरतं नऊही नव्हतं. पोलिसांनी संपूर्ण सन्मानाने त्याला निरोप दिला. फुलांनी झाकलेला झंजीर, पुष्पचक्र वाहणारे मोठे अधिकारी आणि सलाम ठोकून उभे असलेले शिपाई, असं एक छायाचित्र आहे. इतक्या वर्षांनी अजूनही ते मोबाइलवरून फिरतं. तुमच्याही कुटुंबाच्या ग्रुपवर कुणा भाऊजींनी पाठवलं असेल. त्याखाली कुणी काहीबाही लिहितं, त्याकडे लक्ष देऊ नका. छायाचित्र मात्र नीट बघा.

त्याच्या मागून आलेल्यांचंही थोडं सांगते. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात मुंबई पोलिसांचे मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे कुत्रे कामावर होते. म्हातारे झाल्यावर त्यांना विरारच्या एका शेतघरात ठेवलं होतं. तिथे त्यांना मोकळं अंगण होतं, औषधपाणी होतं. 2016 या एकाच वर्षात चौघंही गेले. सीझर सगळ्यांत शेवटी, ऑक्टोबरात. टायगरला दवाखान्यात हलवल्यावर सीझरने खाणं टाकलं होतं, असं तेव्हा वर्तमानपत्रात आलं होतं. मोठ्या जातीच्या कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. त्यांतली शेवटची दोन-तीन म्हातारपणाची, गुडघे धरलेली, कधी अंथरुणात शू झालेली. पिल्लू आणताना हा हिशेब कुणी मांडत नाही. आज आठवीत असलेले चिरंजीव तेव्हा शिकायला पुण्या-नागपूरला असतील. घरी कोण असेल, ते सांगायला हवं का?

तर बाई, तुमच्या आडव्या अक्षरातल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. तुमच्या घरच्या कुत्र्याच्या हस्तक तुम्हीच होणार. मुलगा ‘मी करीन, मी करीन’ म्हणतो आहे आणि त्या क्षणी ते खरंच असतं. पण सहामाही परीक्षा लागली की पातेलं तुमच्या हातात येईल. म्हणून तुमचं मत शेवटी विचारायचं नसून पहिल्यांदा विचारायला हवं. हे पत्र यजमानांना वाचायला द्या. हो म्हणायचं असेल तर कामं आत्ताच वाटून घ्या आणि कॅलेंडरवर लिहून टाका. सकाळचं फिरवणं कुणी, संध्याकाळचं कुणी, अंगणातली घाण उचलणं कुणी. दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलंत की कुणी नाकारत नाही.

खाण्याचं सांगते. लॅब्रॅडॉर हा जन्माचा भुकेला. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं की या जातीतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो, त्याने पोट भरल्याची खूण मेंदूला नीट पोचतच नाही. तेव्हा तो डोळ्यांत पाणी आणून तुमच्या भाकरीकडे बघेल. सासूबाईसुद्धा विरघळतील, आणि वर्षभरात त्याचं पिंप होईल. लठ्ठपणाने त्याचे खुब्याचे सांधे दुखू लागतात. ते दुखणं या जातीत मुळातच असतं. दिवसातून दोनदा, मोजून, आणि मध्ये काही नाही. भाकरी, भात, उकडलेलं अंडं चालतं, मसाला आणि फोडणी नको. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट हे त्याला विषासारखं. शिऱ्यातले बेदाणे वेचून काढा. शिजवलेली हाडं घालू नका, त्यांचे तुकडे आतड्यात रुततात.

आता तो स्वेटर. वऱ्हाडातला उन्हाळा तुम्हाला मी काय सांगायचा? कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग थंड ठेवतो. मार्च ते जून त्याला उजाडायच्या आत आणि दिवस मावळल्यावरच बाहेर काढा. रस्त्यावर आपला तळहात उलटा टेकवून बघा, पाच आकडे मोजेपर्यंत टेकवता आला नाही तर त्याचे पंजेही भाजतील. दुपारी घरात थंड फरशीवर राहू द्या, माठातलं पाणी दिवसातून तीनदा बदला. उन्हाने तो लडखडू लागला, हिरड्या लालभडक झाल्या, तर साधं पाणी अंगावर ओता, पंख्याखाली घ्या आणि ढोरांच्या दवाखान्यात न्या. केस मात्र भादरू नका. ते उन्हालाही आडवे येतात.

सोनाळ्याला आणखी एक गोष्ट आहे. तुमच्या माथ्यावरच अंबाबरवाचं जंगल. बिबट्याला कुत्रा फार आवडतो. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. म्हणजे रात्री कुत्रा दाराच्या आत हवा, आणि इथे सासूबाईंशी बोलणं आलं. देवघर लांब असेल तर पडवीला जाळीचं दार करून घ्या. त्यांचा मान राहील आणि कुत्र्याचा जीवही.

लशीचं मी प्रत्येक वेळी सांगते आणि पुन्हा सांगणार. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून लशी सुरू करायच्या, पिसाळाची लस तीन महिन्यांनी, मग पुढे दरवर्षी. कुठलाही कुत्रा मुलाला चावला किंवा त्याने नुसतं ओरबाडलं, तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवायची. तिखट, चुना, हळद, तेल काहीही लावायचं नाही आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायचं. पिसाळाची लक्षणं दिसू लागली की त्यावर औषध नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र मुलाला वाचवते.

लॅब्रॅडॉरच आणा असं मी म्हणणार नाही. मनाचं सांगायचं तर सोनाळ्याला मी गावठी पिल्लू आणलं असतं. त्याला ऊन सोसतं, भाकरी पचते, आणि त्याच्या नाकातही त्या कोट्यवधी पेशी आहेतच. मुलाला जातिवंत देशीच हवा असेल तर मुधोळचा कुत्रा आहे. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात नावारूपाला आलेली ही जात. 2005 मध्ये टपालखात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत एकावर हाच होता. पण त्याला धावायला रान लागतं, आणि बांधून ठेवला तर तो बिथरतो. तुमची शेती असेल तर विचार करा.

आणि अकोल्याच्या त्या माणसाकडे जायचंच ठरलं, तर पिल्लू बघण्याआधी त्याची आई बघायला मागा. ती कुठे राहते, तिच्या अंगावर मांस आहे का, तिला वर्षातून किती वेळा व्यायला लावतात, हे तुम्हा आम्हा बायकांच्या डोळ्यांना लगेच दिसतं. आई दाखवायला कां कूं केली तर तसेच परत फिरा.

पत्राच्या तळाशी चिरंजीवांनी स्वतः एक ओळ लिहिली आहे, “ताई, त्याचं नाव आम्ही चॅम्पियन ठेवणार.” बाळा, नाव दोन अक्षरांचं ठेव. कुत्र्याला छोटं नाव लवकर कळतं. ते ‘बस’, ‘ये’ अशा हुकमांसारखं वाटू नये, आणि घरातल्या कुणाच्या लाडक्या नावाशीही जुळू नये, नाहीतर आई बाळूला हाक मारील आणि कुत्रा ताटावर हजर. झंजीरला सुद्धा सगळे जिंजर म्हणत. आणि रोज भाकरीच्या वेळी परातीतले हात काढून हाक मारायची आहे ती तुझ्या आईला, तेव्हा नाव तिलाच ठरवू दे.